साडभाऊंची मोटार आणि माझा काटा

माझ्या साडभाऊंनी मला फसवले. जुन्या मोटारीच्या दुरुस्तीच्या नावाखाली फसवले, ऐन दसऱ्याच्या दिवशी फसवले, आणि राजूरच्या घाटमाथ्यावर शेदीडशे माणसांच्या देखत फसवले. मी मलकापूरच्या कापूसबाजारात पाठीवर बोजे वाहत शिरलो आणि बारा वर्षांत त्याच बाजारात स्वतःची अडत घातली. तेव्हापासून मला गंडवायला मुंबईचे दलाल आले, जिनांचे मॅनेजर आले, दोन वकीलही आले. सगळे आल्या पावली परत गेले. लबाड माणूस मला दहा पावलांवरून कळतो. माझा घात केला तो जन्मात कधी खोटे न बोललेल्या माणसाने. इतका खरा माणूस सगळ्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा. दोन असते तर एका हंगामात बाजार बसला असता.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सुलतानपूरचे, पण तेव्हा मलकापुरात सरकी काढायच्या एका जिनात इंजिनावर मिस्त्री होते. अंगात बारा महिने एकच खाकी सदरा. त्याच्या खिशात पाना, तेलाची कुपी, खडू आणि सुपारी एकत्र नांदत, त्यामुळे त्यांच्या सुपारीला इंजिनाच्या तेलाचा वास येई, आणि तो त्यांना मनापासून आवडे. कोणाच्या घरी गेले की 'कसे आहात' असे ते विचारत नसत. उंबऱ्यात उभे राहून घर ऐकत. कुठे दार कुरकुरले, झोपाळ्याची कडी वाजली, की आधी तिकडे जात. यजमानांची पाळी मागाहून. माझ्या लग्नात दुसरी पंगत बसली होती आणि मांडवामागे विहिरीची कप्पी ओरडत होती. साडभाऊ दोन घास जेवले, तिसऱ्या घासाला उठले, वाढप्याच्या हातातली तुपाची वाटी काढून घेतली आणि चालू पडले. सासऱ्यांना वाटले, थोरला जावई रुसला. निम्मे वऱ्हाड त्यांची समजूत काढायला धावले. जाऊन पाहतात तर हे विहिरीवर आडवे होऊन कप्पीला तूप पाजत आहेत. परत पाटावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "आता जेवा. निजली ते."

त्यांच्याजवळ सागाची एक हातभर काठी असे. तिचे एक टोक इंजिनावर टेकवायचे आणि दुसरे कानाशी धरायचे, की आतला रोग त्यांना कळे. एकदा मी एका गाडीवानाशी भांडत होतो. माझे भांडण म्हणजे चौथ्या दुकानापर्यंत ऐकू जाणारी गोष्ट. साडभाऊ मागून आले आणि भर बाजारात त्यांनी ती काठी माझ्या छातीला लावली. क्षणभर ऐकले. म्हणाले, "इंजीन मजबूत आहे तुह्यं. पण वाफ सारी फुकट जाऊन राह्यली." गाडीवान हसला, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. त्या सौद्यात माझे नुकसान झाले; पण ते मी धरत नाही. मी मोटारीचे सांगतो.

बुलढाण्याच्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बंगल्यावर लिलाव निघाला. मी गेलो होतो लाकडी कपाट घ्यायला. तिथे साहेबाची जुनी शर्यतीची मोटार बोलीवर आली: बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. माझ्या शेजारच्या अडत्याने बोली लावली. त्याने लावली म्हणून मी लावली. तो थांबला तेव्हा मोटार माझी झाली होती आणि तो हसत होता. तरी मी काही कच्चा नव्हे. पैसे देण्याआधी मी साहेबाच्या ड्रायव्हरला म्हटले, "चालवून दाखव, बुलढाण्यावरून पार मलकापूरलोक." मोटार वाऱ्यासारखी आली. मी खूश झालो. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळचा माल पाहणारा मी. पण बुलढाणा घाटावर आहे आणि मलकापूर घाटाखाली, एवढे काही माझ्या ध्यानात आले नाही. उतारावर रिकामे पिंपसुद्धा वाऱ्यासारखे येते. पुढच्या आठवड्यात मोटार परत वर न्यायला निघालो, तर राजूर घाटाच्या पहिल्याच वळणावर तिच्या नाकातून वाफ निघाली आणि ती मागे सरकू लागली. दोन बैलजोड्या लावून तिला घरी आणले.

त्यानंतर बाजारात मला तोंड काढता येईना. "शेठ, मोटार वर कवा जाते?" "कायले छेडतं लेका, ते पाण्यावानी आहे. खालीच वाह्यते." असे माझ्या कानावर पडे. लोकांना वाटेल, हसले तर हसले. पण अडत्याचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. 'याला फसवता येत नाही' एवढ्या एका वाक्यावर मी उभा होतो. ते वाक्य पडले, की उद्या कोणीही येऊन ओला कापूस माझ्या गळ्यात मारणार. अशा वेळी घाटावरच्या एका गावचे देशमुख आले. सगळ्या भाऊबंदांचा कापूस माझ्याच अडतीत घालणारे हे गिऱ्हाईक. देह असा की खुर्चीत बसले की खुर्ची दिसत नसे. त्यांना मोटार फार आवडली. म्हणाले, "मी बाजूले बसीन. घाटाच्या पायथ्यापासून मधात न थांबता माथ्यावर आली, तं तू म्हणशीन तो भाव. नाई आली, तं औंदा माह्या कापसाची वाट पाहू नोको." नामी शेतकऱ्याने अडत सोडली की त्याच्या मागे गाव सुटते. म्हणजे आता मोटार घाट चढली तर माझे नाव राहणार, नाही चढली तर नावही जाणार आणि हंगामही.

मी साडभाऊंना बोलावले. दोनशे रुपये हातावर ठेवले आणि म्हटले, यावर एक पैसा मिळणार नाही. आणि काय काय करायचे तेही मी सांगतो. लाल रंग, पितळेचा मोठा भोंगा, चामड्याची गादी, चकचकीत दिवे. विकायची वस्तू डोळ्यात भरली पाहिजे. साडभाऊंनी सगळे ऐकून घेतले. मग मोटारीभोवती एक चक्कर मारली.

"हे सारे नवरीचे दागिने झाले," ते म्हणाले. "नवरी लंगडी आहे, ते पाह्य ना बाप्पा."

"मग तुमी काय करता म्हणता?"

"पह्यले थांबनं. मंग वळनं. मंग दम. पळनं आखरीले."

"थांबनं? अवो, मले हे चढवाची आहे, थांबवाची नाई!"

"जे थांबत नाई, ते कोणी जोरात हाकत नाई," साडभाऊ म्हणाले, आणि कामाला लागले.

जिनातल्या इंजिनाचा जुना जाड पट्टा टाकून दिला होता. त्याचे तुकडे कापून त्यांनी ब्रेकांना अस्तर लावले. फुकट. पाण्याची टाकी उतरवून दोन दिवस चिंचेच्या पाण्यात बुडवली, आणि तिच्यातून इतका मळ निघाला की माझ्या बायकोने ती चिंच कोणत्या भांड्यातली ते विचारून मला चार दिवस छळले. एका मोडक्या दमणीच्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीच्या, कमानीची पट्टी लोहाराकडून बेतून घेतली आणि मोटारीच्या कमानीत सरकवली, तेव्हा वळणावर तिचे लोळणे थांबले. टायरांत मात्र निम्म्याहून जास्त रक्कम घातली. मी ओरडलो. ते म्हणाले, "साऱ्या मोटारीत जमिनीले हेच तेवढे लागते. इथं काटकसर करू नोको." मुंबईच्या एका दुकानाचे चित्रांचे पुस्तक मी मागवले होते. त्यात इंजिनाचा जोर दीडपट करणारे एक यंत्र होते. पैसे उसने घेऊन ते आणायची माझी तयारी होती. साडभाऊंनी काठी लावून इंजीन ऐकले आणि ते पान मिटले. "हिची छाती तेवढी नाई. जोर वाढवनं महाग पडते. वजन कमी करनं फुकटात होते."

आणि इथून माझ्या काट्याचा संबंध आला. माझ्या अडतीत कापूस तोलायचा मोठा टांगता काटा होता. साडभाऊंनी मोटारीची चारही चाके एकेक करून त्या काट्याला टांगली आणि वजनाचा आकडा पाटीवर लिहिला. मग मोटारीतले जे जे सुटेल ते सोडून तोलले: सामानाची लोखंडी जाळी, मागची जादा पेटी, टपाचा सांगाडा. शेरामागे घाटात किती दम वाचतो याचा त्यांचा काही हिशेब होता. जे काढले ते भंगारात विकले आणि त्या पैशात व्हाल्व घासून घेतले. मग म्हणाले, "देशमुखालेही तोललं पाह्यजे."

देशमुखांना काट्यावर बसा म्हणायची कोणाची छाती? मीच डोके चालवले. त्यांना म्हटले, तुमची गुळाची तुला करायचे माझ्या मनात आहे. देशमुख विरघळले. गळ्यात हार घालून, दोन हात जोडून, पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात तीन मण गूळ चढला. तो सगळा गूळ नंतर देवळात वाटावा लागला. मोटारीच्या दोनशे रुपयांत हा खर्च धरलेला नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पोळा झाल्यावर आम्ही गुपचूप घाटात परीक्षा घेतली. साडभाऊ चाकावर, शेजारी मी, आणि देशमुखांचे वजन भरून काढायला माझ्या मांडीवर सरकीची गोणी. मोटार पहिले वळण छान चढली. दुसरे चढली. तिसऱ्यावर धापा टाकू लागली आणि थांबली. मात्र ती मागे सरकली नाही, जागच्या जागी उभी राहिली. जिनातल्या पट्ट्याने आम्हा दोघांचे जीव वाचवले, हे मला मान्य करावे लागते. पण तेव्हा मी काही मान्य करण्याच्या स्थितीत नव्हतो. गोणी रस्त्यावर टाकून मी साडभाऊंना नाही नाही ते बोललो. त्यांनी ते ऐकलेच नाही. ते पाटीकडे पाहत होते. "चढाले पाह्यजे होती," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "हिशेब चुकला नाई. मंग काऊन नाई चढली?"

पुढचे तीन दिवस ते पाटीवरचा हिशेब पुसून पुन्हा मांडत होते. चौथ्या दिवशी मी अडतीत आलो, तर साडभाऊ माझ्या काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसलेले. मला वाटले, डोक्यावर परिणाम झाला. मी बायकोला म्हटले, तुझ्या बहिणीला, आक्कांना, कळवावे लागेल. पण संध्याकाळी ते पुन्हा मोटारीपाशी होते आणि तिच्या अंगावरचे उरलेसुरले काढत होते: एका बाजूचे दार, गादीच्या स्प्रिंगा, पायाखालची जाड फळी. मी माझ्या पैशाने हौसेने लावलेला पितळेचा भोंगाही त्यांनी माझ्या नकळत उतरवला. चांगले एक मण वजन आणखी गेले.

दसऱ्याला घाटाच्या पायथ्याशी ही गर्दी. सोने लुटून झाले होते, आसपासच्या गावचे शेतकरी रिकामे होते, आणि माझी फजिती होणार ही बातमी पसरवायला माझ्या शेजारच्या अडत्याने बरेच कष्ट घेतले होते. साडभाऊ चाकावर, आणि शेजारी देशमुख कसेबसे मोटारीत बसले. मी गर्दीतल्या लोकांबरोबर आडवाटेने माथ्यावर जाऊन उभा राहिलो. खालून आवाज येत होता, वळणावर तुटत होता, पुन्हा येत होता. तिसऱ्या वळणावर तो बारीक झाला. माझ्या हातातली आपट्याची पाने चुरा झाली. मग आवाज पुन्हा भरला, आणि ती लांब नाकाची बया देशमुखांना घेऊन, न थांबता, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी देशमुखांचा हात धरला, त्यावर उपरणे टाकले, आणि आमच्या बाजाराच्या रीतीने बोटांवर सौदा सुरू केला. सांगायला हरकत नाही, माझी बोटे भलतीच वर चालली होती. तेवढ्यात देशमुखांनी सहज विचारले, "मिस्त्री, मांगच्या खेपीले हे मधात बसली म्हनतात. मंग आज कशी चढली?"

दुसऱ्या कोणीही सांगितले असते, देवीची कृपा. साडभाऊंनी आनंदाने सगळे सविस्तर सांगितले.

"गाडीत खोट नव्हती. यायच्या अडतीच्या काट्यात होती. मणामागं दोन शेर कमी दाखवे. मी जिनातल्या काट्यावर आज वीस वर्सं एक मण चोवीस शेर भरतो. कमी नाई, जास्त नाई. यायच्या काट्यावर बसलो तं एकवीस. मंग समजलं. दांडी बोटभर सरकून टांगेल होती. मी मधोमध करून देल्ली. आता खरा आहे."

माझ्यासमोर शेदीडशे शेतकरी होते, आणि त्यांतल्या निम्म्यांचा कापूस मी त्या काट्यावर तोलला होता. मी तो काटा तसाच विकत घेतला होता. दांडी मधोमध आहे की नाही, हे मी कधी पाहिले नाही. आणि का पाहिले नाही, ते मला माहीत आहे. देशमुख मनातल्या मनात काही जुळवत होते. मग त्यांनी उपरण्याखालचा हात काढून घेतला.

"म्हंजे माहा तुलेचा गूळ?" ते म्हणाले. "सहा शेर कमी? देवाच्या गुळातबी खाल्लं बे तू?"

पहिल्यांदा कोण हसले ते मला दिसले नाही. नंतर सगळेच हसले. देशमुखांनी मोटार घेतली, पण भाव साडभाऊंना विचारून; आणि साडभाऊंनी लिलावाची रक्कम, वर दोनशे, एवढा सांगितला. ते काही चुकीचे बोलले नाहीत. त्यांनी कधी चुकीचे बोललेलेच नाही, हीच माझी तक्रार आहे. परत येताना मी त्यांना म्हटले, "काटा दुरुस्त कराले कोणी सांगतलं होतं तुमाले?" ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "बिघडेल होता ना."

दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला मी अडतीत पाठ भिंतीला लावून बसलो. गाडी येणार नाही, याची मला खात्री होती. सकाळी एक आली. मग तिच्यामागे आणखी चार. दुपारपर्यंत रेल्वेच्या फाटकापर्यंत रांग लागली. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, "बाबा, सारा तमाशा आयकूनही माह्याच काट्यावर काऊन आले?" तो म्हणाला, "बाकीच्याइचे काटे कसे आहेत ते देवाले माईत. तुहा कसा होता अन् आता कसा आहे, हे दोन्ही आमाले माईत." त्या हंगामात माझी अडत दुप्पट झाली. पण मणामागचे दोन शेर कायमचे गेले, आणि दुकानावर पाटी माझ्या नावाची असूनही लोक त्याला 'मिस्त्रीचा काटा' म्हणू लागले. बारा वर्षे बोजे मी वाहिले आणि नाव त्यांचे झाले. यावर मी सहा महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलेच नाही.

पुढे साडभाऊ काम सोडून सुलतानपूरला जाऊन राहिले. पण आमच्या बाजाराने एक रीत पाडून घेतली आहे. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पारड्यात बसायचे, एक मण चोवीस शेर भरायचे, मग नारळ फुटायचा आणि मगच पहिली गाडी तोलायची. देशमुख त्यांना त्याच मोटारीतून घाट उतरवून आणतात आणि परत चढवून नेतात. मोटार अजून कुठे थांबत नाही. सात वर्षे हे चालले आहे, आणि सात वर्षांत शेराचा फरक नाही.

यंदा साडभाऊ बसले, आणि एक मण एकोणीस भरले.

मी ओरडलो, काटा बिघडला. पुन्हा तोलले. एकोणीस. वजने बदलली, दोरी बदलली. दांडी सरकली असेल म्हणून मी स्वतः चढून पाहिले, आणि ती सरकलेली निघावी म्हणून मनात देवाला नारळ बोललो. साडभाऊ पारड्यातून उतरले, त्यांनी दांडीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "काटा खरा आहे बाप्पा. मीच कमी भरलो." श्रावणात हिवताप आला होता, म्हणे, कडू औषध घेतले, आता बरे आहे. बरे दिसतही होते. सुपारी खाल्ली, माझ्या नव्या पंख्याला नावे ठेवली, आणि संध्याकाळी घाट चढून गेले.

मी दुसऱ्याच दिवशी आक्कांना खरमरीत पत्र टाकले. सोबत तुपाचा डबा आणि तुरीची डाळ पाठवली. त्यांचे उत्तर आले आहे: तब्येत झपाट्याने सुधारते आहे, भूक चांगली आहे, गावातल्या वाण्याकडे तोलले तर साडेतीन शेर भरून निघाले. वाचून मला आनंद झाला; पण त्या वाण्याच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी या धंद्यातला आहे, त्याची दांडी कुठे टांगलेली असेल ते मला सांगू नये. साडभाऊंना होळीच्या आत मलकापूरला आणावे आणि माझ्या देखत, माझ्या काट्यावर बसवावे. मला एक मण चोवीस शेर पाहिजेत. त्यात एक छटाक जरी कमी निघाली, तरी ती छटाक कुठे गेली याचा जबाब आक्कांनी मला समोर उभे राहून द्यावा. मी ऐकून घेणार नाही.